दुसरीच्या हातच्या वातीची कहाणी

ऐका सोबतमाये, तुझी कहाणी. बायांनो, हातीं अक्षता घ्या, मनाची कडी काढून ठेवा आणि ऐका.

आटपाट नगर होतं, नगराला नदीचा वेढा होता. नदीकाठच्या आळींत एक कोष्टीण राहात होती, तिचं नाव सगुणा. नवरा मागावर लुगडी विणी, गावोगावच्या बाजारीं नेऊन विकी. नवसासायासानं एकच लेक झाली होती, तिचं नाव साळू. तिच्यावर आईबापांचा जीव.

त्या आळीच्या बायका सोबतमायेचं व्रत करीत. व्रत कसं करीत? शुक्रवारी दिवेलागणीला पाराशी जमावं. आपल्या घरचा कापूस न्यावा. घरांतलं एक सुख सांगावं, एक काळजी सांगावी, आणि कापूस शेजारणीच्या हातीं द्यावा. शेजारणीनं त्याची वात वळावी, पणतींत लावावी, आणि म्हणावं, "तुझ्या घरची वात माझ्या हातीं." आपल्या कापसाची वात आपण वळायची नाही, असा नेम होता.

सगुणा नेमानं जाई. तिच्या शेजारीं बसे तेलीण भिवरा. तिला साळूचं कोडकौतुक सांगितलं नाही तर सगुणेला घास गोड लागत नसे. साळू पालथी पडली, सगुणेनं सांगितलं, भिवरेनं वात वळली. साळू पालथी पडली, सगुणेनं सांगितलं, भिवरेनं वात वळली. साळू उंबरा ओलांडून चालली, सगुणेनं सांगितलं, भिवरेनं वात वळली. वात उजळे, बायांचे चेहरे उजळत.

मग काय झालं? साळू मोठी झाली, पण बोलेना. आई म्हणेना, बाबा म्हणेना. हाक मारली तर टकमक बघे, ओ देईना. सगुणा रोज हाका मारी, वाट पाही. आज सांगीन म्हणे, पाराशी गेली की जीभ उचलेना.

एका शुक्रवारी कुंभारीण चिमा म्हणाली, "बायांनो, माझी नात काल जात्यावर बसून ओवी म्हणाली हो!" सगळ्या हसल्या. नात साळूच्याच वयाची. मग सगुणेची पाळी आली. ती म्हणाली, "माझी साळूही काल आई म्हणाली."

खोटंच ते! पण बाया केवढ्या आनंदल्या. भिवरेनं तिच्या गालावरून हात फिरवला. वात वळली, पणतींत लावली, तर वात तडतडली आणि विझली. भिवरा म्हणाली, "वारा असेल गं." वारा नव्हता. सगुणेला ठाऊक होतं.

बाया म्हणाल्या, "पुढल्या खेपेला साळूला आण, तिचं बोलणं ऐकूं." आतां काय करावं? एका खोट्याला झाकायला सगुणेनं लेकीलाच झाकलं. दाराला कडी घातली. पाराशी जाणं सोडलं. बाया बोलवायला आल्या, "मागावर काम आहे" म्हणाली. पुन्हा आल्या, "डोकं दुखतं" म्हणाली. तिसऱ्यांदा आल्या, दारच उघडलं नाही. शुक्रवारी घरींच बसे, आपला कापूस आपणच वळी, वात लावी. वात विझे. पुन्हा वळी, पुन्हा विझे. हसूं नका बायांनो, आपल्यांतही कुणी असेल अशी.

मग एके दिवशी काय झालं? नवरा बाजारीं गेला होता, आणि सोबतमाय म्हातारीच्या वेषानं दारीं आली. "लेकी, माझे हात रिकामे आहेत. तुझ्या घरचा कापूस दे, काय काळजी असेल ती सांग, मी वात वळीन."

सगुणा म्हणाली, "काळजी कसली? सगळं बरं आहे."

म्हातारी म्हणाली, "लेकी, तुझे डोळे सुजलेत."

"धूर गेला असेल. सगळं बरं आहे."

म्हातारी म्हणाली, "लेकी, घरांत मूल आहे आणि घर मुकं कसं?"

सगुणा संतापली. "सांगितलं ना? सगळं बरं आहे!"

म्हातारी म्हणाली, "बरं तर. तुझ्या तोंडीं तेवढंच राहील." असं म्हणून पाठ फिरवली आणि दिसेनाशी झाली.

सगुणेला धडकी भरली. मागं धांवली, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, म्हातारी कुठंच नाही. परत येऊन बघते तों दार सताड उघडं, आणि घरांत साळू नाही. माजघर पाहिलं, परस पाहिलं, मागाखालचा खड्डा पाहिला. साळू नाही. सगुणेनं हंबरडा फोडला, तर तोंडांतून काय निघालं? "सगळं बरं आहे!"

धांवत रस्त्यावर गेली. वाणी भेटला. "काय झालं, वहिनी?" सगुणा म्हणाली, "सगळं बरं आहे." वाणी म्हणाला, "छान, छान," आणि पुढं गेला. पुढं माळीण भेटली. "का गं धांवतेस?" "सगळं बरं आहे." माळीण म्हणाली, "तुझं नेहमीचंच," आणि टोपली उचलून गेली. नदीवर नावाडी भेटला. त्यालाही तेच सांगितलं, त्यानं नाव हाकारली. सगुणेनं कपाळ बडवून घेतलं. आपल्याच जिभेनं आपली लेक गमावली, असं तिला झालं.

सांज झाली. शुक्रवार होता. पाराशी बाया जमल्या होत्या. सगुणा तशीच घरीं गेली, मूठभर कापूस घेतला, अनवाणी, मोकळ्या केसांनी पाराशी आली. भिवरा म्हणाली, "ये गं. कशी आहेस?" सगुणा म्हणाली, "सगळं बरं आहे," आणि कापूस भिवरेच्या हातीं ठेवला.

भिवरेनं मूठ उघडली. कापूस घामानं चिंब झाला होता. भिवरेनं तो टाकला नाही, ओला आहे म्हणाली नाही. आपल्या मांडीवर घेतला, पदरानं टिपला, वात वळूं लागली. म्हणाली, "हे काही बरं नाही, सगुणे. तुझ्या घरची वात माझ्या हातीं. आतां बोल."

वातीला पीळ बसला आणि सगुणेच्या जिभेची गाठ सुटली. "बरं नाही गं! साळू हरवली! तिला हाका मारूं नका, ती ओ देणार नाही. ती बोलत नाही. आजवर एक शब्द बोलली नाही. मी खोटं सांगितलं."

एवढं ऐकलं मात्र, कुंभारीण चिमा ताडकन उठली. "बाई बाई! आमच्या घरीं दिवाळीच्या पणत्या भाजायला आवा रचलाय, वर पेंढ्या घातल्यात. पेंढ्यांत कोणी पोर नाही ना म्हणून घरधनी हाक मारतात, ओ आली नाही की पेटवतात!"

मग बाया धांवल्या. पुढं चिमा, मागं सगुणा, मागं सगळ्या, हातांत पणत्या. कुंभारानं हाक मारली होती. थांबला होता. ओ आली नव्हती. हातांत पेटता पलिता होता, तों चिमेनं मनगट धरलं. "थांबा! आंत न बोलणारं लेकरूं असेल!" बायांनी पेंढ्या उपसल्या. पहिल्या पेंढीखालीं कांही नाही. दुसरीखालीं कांही नाही. तिसरीखालीं साळू, अंगाचं मुटकुळं करून गाढ निजलेली.

सगुणेनं तिला उराशी धरलं आणि पोटभर रडली. बायांची माफी मागूं लागली. भिवरेचेही डोळे भरले, पण ती रागावलीच. "वेडे, माझा थोरला किती उशिरा बोलला, तुझं लग्न होऊन तूं या गांवीं यायच्या आधी. मीही अशीच कुढले होते. तूं सांगितलं असतंस तर मी नसतं का सांगितलं? एवढे दिवस एकटीनं काढलेस." मग भिवरेनं सगुणेच्या कापसाची वात लावली. ती विझली नाही.

पुढं सगुणा साळूला घेऊन पाराशी जाऊं लागली. काळजी लगेच गेली नाही, पण ती सगळ्यांची झाली. चिमेची नात साळूला ओव्या ऐकवी, माळीण फुलांची नावं सांगे, भिवरा तोंडापुढं तोंड धरून एकेक अक्षर म्हणे. साळू टकमक बघे. एका शुक्रवारी सगुणा कापूस पुढं करणार, तों साळूनं तो तिच्या हातांतून घेतला, दुडदुडत भिवरेकडं गेली, तिच्या हातीं ठेवला, आणि म्हणाली, "घे."

तिचा तो पहिला शब्द. पारावर एकही बाई कोरड्या डोळ्यांची राहिली नाही.

या व्रताचं उद्यापन काय? जिचं दार फार दिवस लागलेलं आहे, तिच्याकडं जावं. आपली काळजी आधी सांगावी, तिची मग विचारावी. ती "सगळं बरं आहे" म्हणाली, तर लगेच उठूं नये. थोडं बसावं.

सोबतमाय जशी सगुणेला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. कुणाची वात एकटीच्या हातीं न राहो. ही साठां उत्तरांची कहाणी, पांचां उत्तरीं, शेजारणीच्या पणतीपाशीं सुफळ संपूर्ण.