रक्षाग्नीची माघार

पूर्वी कृतयुगात, हिमालयाच्या पायथ्याशी, देवदारांच्या गर्द छायेत आणि सामगायनाने निनादणाऱ्या परिसरात वेणुमान नावाच्या महातपस्व्याचा आश्रम होता. ब्रह्मदेवाने मनुष्यदेह घडवला तेव्हा अग्निदेवाने आपला एक अंश त्यात राखणीला ठेवला होता. काटा रुतला, विष भिनले की त्या रक्षाग्नीने पेटून उठावे, शत्रू जाळावा आणि निवावे. पण उतारवयात हा मेला निवायचेच विसरतो! शत्रू नसतानाही धुमसत राहतो. वेणुमानाची भार्या शुचिव्रता हिची बोटे अशीच धुमसून वाकडी झाली होती. तिला साधा तांब्या धरवेना.

तिचे कण्हणे ऐकून ऋषी कासावीस झाला. वनस्पती खुडण्यापूर्वी त्यांना निमंत्रण द्यावे, या रीतीप्रमाणे त्याने आदल्या सायंकाळी हळद, गुळवेल आणि आवळी यांना अक्षता वाहिल्या. प्रातःकाळी त्या वदल्या, "तपोधना, आमचा रस हिला नित्य दे. दाह निम्मा निवेल. विझवणे आमच्या हाती नाही."

वर्षभराने शुचिव्रतेची मूठ मिटू लागली. ती हरखून म्हणाली, "अहो, आज माझी वेणी मीच घातली! एवढे पुरे झाले मला."

पण सहस्र वर्षांचे तप गाठीशी असलेल्या ऋषीला निम्मे कसे पुरावे! तो हट्टालाच पेटला. घोर अनुष्ठान मांडून त्याने अग्नीला प्रकट केले आणि तो गर्जला, "हे हुताशना, हिच्या देहातून समूळ निघून जा!"

"मुनिवरा, मी तिथे पहारेकरी आहे. दुसरे काहीही माग."

"मागितले तेच दे, नाहीतर शाप घे!"

अग्नीने हात टेकले. "तथास्तु."

तत्क्षणी बोटे सरळ झाली. शुचिव्रता लहान मुलीसारखी दर्भ खुडायला धावली आणि धारदार पात्याने तिचे बोट कापले. ना लाली, ना सूज, ना ठणका. दोघेही कौतुकाने हसली. सातव्या दिवशी हात काळा पडला.

"परत ये, अग्ने!" ऋषीने टाहो फोडला.

"दिलेला वर मलाही मोडता येत नाही," अग्नी म्हणाला. "मात्र यापुढे कोणाच्याही सांगण्यावरून मी देह सोडणार नाही. म्हातारपणी जाळीन, पण राहीन."

नवव्या दिवशी ती गेली.

म्हणून आजही वनस्पती जरेचा दाह निववतात, विझवीत नाहीत. पुढे वेणुमानाचेही गुडघे धुमसू लागले. शिष्यांनी रस पाजला, निम्मा दाह निवला आणि तो म्हातारा ढसाढसा रडला. एवढ्यातच ती सुखी होती.