सातव्या दुपारचं छप्पर

एका राज्यात, जिथे पाखरं बोलत आणि झाडं उत्तर देत, भिवबा नावाचा गवंडी होता. त्याने लोकांची शंभर घरं बांधली. पण तो आणि त्याची लेक येसू मात्र गावोगाव हिंडत. कोणत्याही घरात राहिले, तरी सातव्या दिवशी भर दुपारी त्याचं छप्पर उडून जाई. शेजारी म्हणत, "वारा असेल हो." वाराबिरा काही नव्हता, शाप होता.

त्या राज्यातल्या गवंड्यांची रीत अशी, की पाया खणण्याआधी एक दिवस ती जमीन अनवाणी हिंडून बघायची, कोणाचं काही मोडत तर नाही ना. पण राजाला नवा महाल हवा होता, आणि राजांना घाई असतेच. भिवबाने न बघता कुदळ चालवली. तिथे अंडी घातलेली टिटवी पाण्यावर गेली होती, तिची चार अंडी मातीत गेली. परतल्यावर ती म्हणाली, "माझं घर मोडलंस. तुझंही टिकणार नाही."

याला नऊ वर्षं झाली. येसूने सगळं भांडंकुंडं एका गाठोड्यात बांधलं होतं, ते ती कधी पुरतं सोडत नसे. संध्याकाळी परक्या ओसरीवर बसून ती लोकांच्या चुलीचा धूर बघे आणि तिला हुंदका येई. आपल्याही छपरातून असा धूर निघावा, आबांचे थकलेले डोळे आपल्या घरात मिटावेत, एवढंच तिला हवं होतं. शेवटी ती माळावर टिटवीकडे गेली.

"शाप मागे घे," येसू म्हणाली.

"तीन कामं कर. नागाच्या वारुळाची माती आण. माळापलीकडे एका जादूगाराचं रान आहे, तिथलं लाकूड आण, झाडाने राजीखुशीने दिलेलं. तिसरं काम घर उभं राहिल्यावर सांगेन."

नागाने विचारलं, "माती किती हवी?"

"दोन माणसांपुरती."

नाग बाजूला झाला. रानात मात्र नव्याण्णव झाडं नाही म्हणाली. सागाने तर तोंडच फिरवलं. शंभरावी बाभूळ म्हणाली, "मी वाळतेच आहे. ने मला."

भिवबा या वेळी दिवसभर जमिनीवर अनवाणी हिंडला. मग त्याने घर बांधलं. त्या घरात सहा दिवस गेले आणि टिटवी आढ्यावर येऊन बसली.

"उद्या दुपारी दोन पानं वाढ. जेवण संपेपर्यंत कोणी उठायचं नाही."

"एवढंच?" येसू हसली.

"पोरी, बैल अंगावर आला तरी टिटवी अंड्यांवरून उठत नाही. तुला जमेल?"

सातव्या दिवशी येसूने गाठोडं सोडायला घेतलं. गाठी इतक्या घट्ट बसल्या होत्या, की दातांनी सोडाव्या लागल्या. तिने चूल पेटवली, भात केला, पानं मांडली. पहिला घास घेतला आणि वासे कडकडले. भिंत आणि छप्पर यांच्या मधून आभाळ दिसू लागलं. येसूचे हात आपोआप भांडी गोळा करू लागले.

"आबा, उठा!"

"अन्नावरून उठू नये. भात वाढ."

"छप्पर चाललंय, आबा!"

"चाललं तर चालू दे. नऊ वर्षं आपणच त्याच्या आधी उठतोय."

येसू रडत रडत बसली. तिने भात वाढला. दोघं सावकाश जेवले. भिवबाने शेवटचं शीत तोंडात घातलं, तेव्हा छप्पर हळूच भिंतीवर टेकलं. टिटवी उडून गेली.

राजाच्या कानी हे गेलं. जमीन पायाखाली घातल्याशिवाय महालसुद्धा बांधू नये, अशी त्याने दवंडी पिटवली. येसू मात्र कितीतरी दिवस दुपार झाली की वर बघायची. सवय अशी सुटत नाही.

एकदा बांगड्या विकणारी कासारीण दारात थांबली. "घरात कोण आहे का गं?"

नऊ वर्षांत येसूला हे कोणी विचारलं नव्हतं. ती उंबऱ्यापर्यंत आली.

"आहोत," ती म्हणाली. "आम्ही दोघं आहोत. आत ये."

त्या दोघांना जसं घर लाभलं, तसं उघड्यावरच्या साऱ्यांना लाभो.