उजळलेले तेल

एकदा एक वृद्ध मेस्त्री बंदरावर मच्छीमार बोटींची इंजिने तपासत असे. दर पंधरवड्याला तो इंजिनातले थेंबभर तेल दोन काचांमध्ये दाबी, एका बाजूने दिवा लावी आणि पलीकडे किती प्रकाश पोचला, तो आकडा भिंतीवर खडूने लिही. त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. हुशार, पण संशयाचा किडा डोक्यात घेऊनच जन्मलेला.

एके दिवशी दोन बोटींची तपासणी होती. एकीचे तेल काजळासारखे काळे, दुसरीचे मधासारखे नितळ. वृद्धाने काळ्या तेलाची बोट समुद्रात सोडली आणि नितळ तेलाची धक्क्याला बांधून ठेवली!

सुटलेल्या बोटीवर शिष्याचा सख्खा भाऊ खलाशी होता. शिवाय त्या बोटीचा मालक सकाळीच वृद्धाच्या कानाशी लागलेला त्याने पाहिला होता. कुठेतरी पाणी मुरत होते खास! तरी तोंडाने त्याचे ‘हो मेस्त्री, बरोबर मेस्त्री’ चालूच होते. तीन दिवस त्याला अन्न गोड लागले नाही.

चौथ्या दिवशी वृद्ध म्हणाला, “त्या नितळ तेलवाल्या इंजिनाचं खालचं भांडं उघड.”

त्याने उघडले. तळाशी चार बोटे काळा, चिकट गाळ बसला होता.

“इंजिनात काजळी धरायचीच,” वृद्ध म्हणाला. “चांगलं तेल ती अंगावर घेतं, म्हणून काळं होतं. भिंतीवर बघ. तुझ्या भावाच्या बोटीचा आकडा दर खेपेला थोडाथोडा उतरलाय, अजून हद्दीत आहे. हिचा उतरता उतरता एकदम चढला. वापरलेलं तेल आपणहून उजळत नसतं, बाळा. मग काजळी गेली कुठे? तळाशी. आणखी दोन फेऱ्यांत इंजिन भर समुद्रात बसलं असतं.”

शिष्याने वळून भिंतीवरचे आकडे वरपासून खालपर्यंत वाचले.

“आणि त्या दिवशी मालक कानात काय म्हणाला, सांगू? ‘तुमच्या हाताखालच्या पोराचा भाऊ आमच्या बोटीवर आहे, मेस्त्री, दोनदा मोजा.’ मी तीनदा मोजलं.”

शिष्याचे डोळे भरून आले. वृद्ध त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. “तीन दिवस तूही फार नितळ दिसत होतास.”

“मेस्त्री,” शिष्य कसाबसा म्हणाला, “मला तुमचा संशय आला होता. वाटलं, तुम्ही विकले गेलात.”

वृद्धाने काच पुसून ठेवली आणि तो हसला. “झालं एकदाचं तुझंही तेल काळं. आता चालेल अजून पुष्कळ दिवस.”