घटलेलं तांबं

तिवरखोलच्या तिठ्यावर नांदरुकाचं झाड आहे. त्याच्या बुंध्यात तांब्याच्या चकत्या ठोकलेल्या आहेत, लांबून बघितलं तर झाडाला पुळ्या आल्यासारखं वाटतं. नवखा माणूस हमखास नखाने खरवडून बघतो. तुम्हीही बघत होतात, म्हणून मी धावत आले. हात लावला असेल तर त्या पन्हळीखाली धुऊन या आणि मग इथे पारावर बसा. कुठून आलात, कुणाकडे उतरलात, ते नंतर विचारते.

ही ढब्बू पैशाच्या काळातली गोष्ट, असं सांगतात. ढब्बू म्हणजे जाडजूड तांब्याचं नाणं. तेव्हा कुठेशी लढाई पेटली आणि घाटावरून येणारं तांबं बंद झालं. सगळं म्हणे तोफा ओतायला जात होतं. आमची ही तांबटांची आळी, इथल्या ऐरणी गप्प बसल्या. त्यातच सटवाजी तांबटाच्या लेकीचं, गोजराचं, लग्न ठरलेलं. तांबटाची मुलगी बापाने ठोकलेला हंडा घेऊन सासरी जाते, अशी आमची रीत. हंड्याशिवाय आलेल्या सुनेला सासरी पाणवठ्यावर पाठवत नसत. म्हणजे ती घरात असून नसल्यासारखी.

सटवाजीने डोकं चालवलं. ढब्बूला बाजारात जेवढं मीठ यायचं, त्याहून त्यातल्या तांब्याचं मोल वाढलं होतं. मग कुणाच्या भांड्याचे पोचे काढून दिले की तो म्हणायचा, "दाणे नकोत, रुपया नको. ढब्बूच द्या." लोक हसायचे. "काय रे सटवाजी, ढब्बूंची उसळ करतोस का?" तो नाणी मोजायचा नाही, तागडीत टाकून तोलायचा.

लग्न तोंडावर आलं तेव्हा हंडा गळ्यापर्यंत झाला होता. काठाला तांबं नव्हतं आणि गावातले ढब्बू संपले होते. होते ते फक्त या तिठ्यावर.

आमच्याकडे आजारी माणसावरून पैसा ओवाळून तिठ्यावर टाकतात. ताप, खोकला, आकडी, जे असेल ते त्या पैशात उतरतं. त्याला कुणी शिवत नाही. जुने पैसे पावसात मातीखाली जायचे, वर होते ते त्या हिवाळ्यातले, सगळे ओळखीच्या घरांतले. सटवाजीने भर दुपारी ते पाटीत भरून आणले. बायको म्हाळसा दारात आडवी आली.

"अहो, लोकांची दुखणी घरात आणताय! पोरीचं लग्न आहे!"

"अगं, मुशीतल्या आगीपुढे काय टिकतं? वितळलं की सगळं सारखं. तांबं ते तांबं." जन्मभर आगीशी बसलेल्या माणसालाच असं वाटू शकतं. त्याने ते पैसे वेगळे वितळवले, त्यांचा काठ केला आणि हंड्याला बसवला.

असा हंडा आळीत पुन्हा झाला नाही म्हणे. टिचकी मारली की नाद तिठ्यापर्यंत जायचा. फक्त नाद विरता विरता कुणीतरी कण्हल्यासारखं व्हायचं. गोजराने तो भरून आणला, काठाला तोंड लावून पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी तिला खोकला लागला. शेजारची म्हातारी अंगणात ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "हा आमच्या मालकांचा खोकला. अस्साच. शेवटी शीळ वाजायची." मग हुडहुडी भरली. मग आकडी आली, ती लोहाराच्या नातवासारखी, डावीकडे मान टाकून. माणसं यायची, आपापल्या घरचं दुखणं ओळखायची आणि घरी जाऊन दार लावून घ्यायची. पोर मात्र वाळत चालली. हळद दळून ठेवली होती, ती तशीच राहिली.

गुरव म्हणाला, "जिथलं होतं तिथे नेऊन ठेव." सटवाजीने हंड्याचा काठ उपटला, ढब्बूएवढ्या चकत्या कापल्या आणि एकेका दुखण्याचं नाव घेत या खोडात ठोकत गेला. एक चकती बसली, खोकला थांबला. दुसरी बसली, ताप उतरला. गोजरा उठून बसली. पण भट्टीत तांबं घटतं. थोडं जळतं, थोडं राखेत जातं, आणि हे सटवाजीला न कळण्यासारखं नव्हतं. चकत्या संपल्या आणि एक दुखणं उरलं. हंड्याच्या बाकीच्या तांब्याची चकती करून पाहिली, ती खोडात शिरेना, वाकून खाली पडायची.

उरला तो एका म्हाताऱ्या कोष्ट्याचा कंप. गोजराचा उजवा हात असा थरथरायचा की घास तोंडापर्यंत जाईना. शेवटी सटवाजीने तो हात आपल्या हातात घट्ट धरला आणि म्हणाला, "तांबं मी आणलं. माझ्याकडे ये."

तिचा हात शांत झाला. त्याचा थरथरू लागला. गोजरा हंड्याशिवाय सासरी गेली. तिला पाणवठ्यावर जाऊ दिलं की नाही, यावर आळीत अजून दोन मतं आहेत. सटवाजीने पुन्हा हातोडा धरला नाही.

तो मरायला टेकला तेव्हा आळीला उमगलं, की माणूस जाईल पण कंप जाणार नाही. त्याला राहायला कुणाचा तरी हात लागतो. शेवटी धाकट्या भावाने त्याचा हात धरला. पुढे एकदा कुणीच पुढे झालं नाही, असं माझ्या सासूबाई सांगायच्या. त्या साली कंप पाळण्यातल्या बाळाच्या हातात सापडला.

आजही आळीत एका माणसाचा हात थरथरत असतो. सध्या तो रावजीभावोजींचा. पावसाळ्यापासून ते अंथरुणाला खिळलेत. माणसं भेटायला जातात, पण उंबऱ्याबाहेरूनच विचारपूस करतात, हात पाठीमागे बांधून. परवा त्यांनी अन्न सोडलं.

आळीत आता एकच ऐरण वाजते, आमच्या ह्यांची. आज सकाळी ह्यांनी सगळे हातोडे तेल लावून पुसले, फडक्यात गुंडाळले आणि फळीवर ठेवून दिले. आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि रावजीभावोजींच्या घराकडे निघाले. गावात कोण कुठे निघालं, हे मी प्रत्येकाला थांबवून विचारते.

ह्यांना विचारलं नाही.