अध्यक्षांचं लाकडी कव्हर

शर्वाणीला वाटलं होतं, परदेशात डिझाइन शिकून आपण सावंतवाडीला परतलो, की शालनमामीच्या लाकडी वस्तूंच्या कारखान्यासमोर रांग लागेल. प्रत्यक्षात आलं एकच गिऱ्हाईक, पतपेढीचे अध्यक्ष नाटेकर. त्यांना सभासदांना भेट द्यायला मोबाइलची लाकडी कव्हरं हवी होती. ही ऑर्डर हुकली, तर कारखान्याला कुलूपच लागणार होतं.

मामीने वेलबुट्टीची कव्हरं मांडली. नाटेकरांनी ती बाजूला सारली. "फुलं कसली? प्रत्येक कव्हरावर माझा चेहरा रंगवा!"

शर्वाणीने हस्तकलेच्या प्रतिष्ठेवर भाषण सुरू केलं, तशी मामीने तिला चिमटा काढला. "गप ऱ्हव गो, ऑर्डर जायत!"

शर्वाणी एकदम गोड झाली. मामीकडून तिने एक नमुना रंगवून घेतला, मिशांसकट, आणि पतपेढीच्या बैठकीत सगळ्या संचालकांसमोर तो नाटेकरांच्या फोनला चढवला. "वापरून बघा ना, साहेब."

नाटेकरांनी खूश होऊन फोन सवयीने पँटच्या मागच्या खिशात घातला आणि ते खुर्चीत ऐसपैस बसले.

"साहेब, जरा उठता का? तुम्ही स्वतःच्या तोंडावर बसलात," शर्वाणी म्हणाली.

संचालकांनी हसू लपवायला माना खाली घातल्या.

"मग काय बिघडलं? तोंड माझंच आहे!" नाटेकर गुरकावले.

"आज तुम्ही बसलात, साहेब. उद्यापासून सगळे सभासद बसतील."

नाटेकर ताडकन उठले. "फुलंच काढा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वाणीने ठरवून टाकलं, की यापुढे गिऱ्हाईकाला भाषण द्यायचं नाही. आधी खुर्ची द्यायची.