काठावर आणलेले दगड

त्या राज्यात प्रत्येक भांडणाचा निवाडा दोनदा होई. पहिला चिंचेखाली. तिथे वानर सगळ्यांचे चेहरे पाहून निकाल देई. तो ज्याला पटत नसे, तो डोहावर दाद मागायला जाई. डोहावर म्हातारी हत्तीण बसे. पिढ्यान् पिढ्यांचे निवाडे दगडांवर कोरून त्या पाण्यात सोडलेले होते. वकिलांनी बुडी मारून ते वर आणायचे. काठावर येईल तेवढेच हत्तीण विचारात घेई.

साळूच्या बिळाचा वाद असाच डोहावर आला. बीळ खणले होते खोकडाने. तो ते सोडून गेला, साळू तिथे व्याली, आणि आता स्वारी परतली होती. चिंचेखाली पिल्ले पाहून वानराला भरून आले आणि बीळ साळूला मिळाले. डोहावर पिल्लांना कोणी आणतच नसे.

साळूची वकील पाणमांजरी. तळापर्यंत जाणारी ती एकटीच. खोकडाकडून खंड्या उभा होता, गडी वरवरच्या पाण्यातला. त्याने आणलेला दगड अर्धा फुटका निघाला; त्यावरून काही ठरेना.

हत्तिणीने रिवाजाप्रमाणे विचारले, “खाली आणखी काही आहे?”

“काही नाही, माय,” खंड्या चटकन म्हणाला.

मग हत्तीण पाणमांजरीकडे वळली. सकाळच्या बुडीत तिने एक दगड पाहिला होता: ‘बीळ खणणाऱ्याचे, तो कुठेही जावो.’ तो वर आला की साळूचा दावा संपला. आणि तिच्याखेरीज तिथवर पोचणार कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची.

“बाई, नाही म्हणा ना,” साळू कुजबुजली. “पोरांना घेऊन कुठं जाऊ मी?”

पाणमांजरीला तिची फार दया आली. तिने बुडी मारली.

तळाशी गार काळोख होता. दगड उचलताना पंजाला खाचा लागल्या, पाणमांजरांच्याच नखांच्या, एकीवर एक. कितीजणींनी हा आपल्याच अशिलाविरुद्ध वर नेला असेल! एवढ्या पाण्यातही तिच्या अंगावर काटा आला. आपण किती लहान आहोत, हे तिला प्रथमच कळले, आणि त्याचे वाईट वाटले नाही.

तिने दगड काठावर ठेवला. साळूने तिच्याकडे पाठ फिरवली. खोकड जिभल्या चाटू लागला.

हत्तीण निकाल सांगणार, तोच खंड्या फांदीवरून उठला. त्याला कोणी काही विचारले नव्हते.

“अरे, जिंकलोय आपण! बस खाली!” खोकड ओरडला.

खंड्याने सूर मारला तो काठालगत, सगळे पाणी पितात तिथेच. वर आला तेव्हा त्याच्या चोचीत बोराएवढा दगड होता: ‘पिल्ले हिंडतीफिरती होईपर्यंत बीळ आईचे.’ तो त्याने पाणमांजरीच्या दगडाला टेकवून ठेवला आणि मान खाली घातली.

साळू गर्रकन वळली. खोकडाचा आ वासलेलाच राहिला. दोन ओले दगड उन्हात चमकत होते, आणि म्हातारी हत्तीण त्यांच्यापुढे सावकाश गुडघे टेकत होती.