सगळ्यांत हलकं विमान

एका गावात काशिनाथ नावाचा एक भोळा भाचा होता. भाचा म्हणायचं, कारण त्याची दुसरी काही ओळख नव्हती. मिशा फुटून बरीच वर्षं झाली होती, तरी तो मामांच्या घरी राहायचा आणि मामांच्या दुकानात बसायचा. कुणी काही सांगितलं की तो ते तंतोतंत करायचा. अशी माणसं जगात फार थोडी असतात, आणि ती फार त्रास देतात.

घरातलं एक काम मात्र त्याच्या हातून कधी बिघडलं नाही. सकाळी उठून तो बंब पेटवायचा. पाणी तापलं की हाक मारायचा, "मामा, आंघोळीला चला."

मामांचं नाव मोरेश्वर. त्यांचं खेळण्यांचं दुकान होतं. दुकानाचा नियम एकच होता आणि तो काशिनाथला पाठ होता. गिऱ्हाइकाने काहीही मागितलं आणि ते फळीवर नसलं, तर 'नाही' म्हणायचं नाही. "आत्ताच गेलं, सोमवारी येईल," असं म्हणायचं.

पण हल्ली कुणी काही मागायलाच येत नव्हतं. पोरं मोबाईलमध्ये खेळायची. दिवाळीपर्यंत हेच चाललं तर गाळा कटलरीवाल्याला भाड्याने द्यावा लागणार होता.

तेवढ्यात गावच्या शिक्षण संस्थेने एक स्पर्धा जाहीर केली. रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांची. जे विमान पहिलं येईल, तसलंच एकेक संस्थेच्या प्रत्येक शाळेसाठी घ्यायचं ठरलं. संस्थेच्या शाळा पुष्कळ होत्या. मामांच्या जिवात जीव आला.

ही विमानं खोक्यातून येतात. पंख, धड, शेपूट, सगळं कारखान्यात केलेलं असतं. आपण ते जोडायचं, मोटर आणि बॅटरी घालायची, की उडवायचं. कंपनी त्याला 'जवळजवळ तयार' म्हणते. गावाला हा प्रकार नवा नव्हता. गावची पाण्याची टाकी आणि नाट्यगृह कित्येक वर्षं जवळजवळ तयारच होतं.

मामांनी काशिनाथला शहरात धाडलं. "चांगलं बघून आण," ते म्हणाले. "विमानाची पारख वजनावर असते. जितकं हलकं, तितकं चांगलं. ध्यानात ठेव."

"ठेवतो, मामा."

शहरातल्या दुकानात काशिनाथने एकेक खोकं उचलून पाहिलं. सगळ्यांत हलकं होतं ते त्याने काखेत मारलं. ते काचेमागे शोभेला ठेवलेलं होतं.

"हेच?" दुकानदाराने विचारलं.

"हेच."

"नक्की हेच?"

"नक्की."

दुकानदार भला माणूस होता. त्याने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारण्याइतका भला तो नव्हता.

घरी मामांनी खोकं उघडलं. आत हवा होती.

"अरे शहाण्या! वस्तू घेताना आत काय आहे ते उघडून बघायचं असतं!"

"बघतो, मामा. पुढच्या वेळी उघडून बघतो."

मामा चिडले, पण खोकं त्यांनी फेकलं नाही. त्यावर पहिल्यासारखीच चिकटपट्टी लावली आणि ते प्रतापरावांना विकलं. प्रतापराव म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांचे जावई. त्यांनीही नुकतंच खेळण्यांचं दुकान काढलं होतं. खेळण्यातलं त्यांना काही कळत नसे, पण अध्यक्ष त्यांचे सासरे होते. त्यांनी खोकं उघडून पाहिलं नाही. सीलबंद माल उघडला की त्याची किंमत जाते, एवढं त्यांना ठाऊक होतं.

मग मामा स्वतः शहरात गेले आणि खरोखर नामी विमान घेऊन आले. बाल्सा नावाच्या पिसासारख्या लाकडाचा सांगाडा, वर ताणून बसवलेलं केशरी आवरण. ते मेजावर ठेवून मामा चहा प्यायला आत गेले. बाहेर येऊन पाहतात तर पंख उभा चिरलेला.

"काश्या! हे काय केलंस?"

"उघडून बघितलं, मामा. आत नुसत्या काड्या आहेत. फसवलं तुम्हाला."

मामी पदर तोंडाला लावून आत पळाल्या. मामा खालीच बसले.

"अरे, त्या काड्या असतातच! वरचं आवरण फाडायचं नसतं. त्यावर सुरकुती आहे का, तेवढं बघायचं. सुरकुती दिसली तर हलक्या हाताने इस्त्री फिरवायची. ताणून बसतं."

"बरं, मामा. सुरकुती दिसली की इस्त्री."

मामांनी आठवडाभर खपून तो पंख दुरुस्त केला. काड्यांना हात लावता लावता त्यांना त्या विमानाचा लळा लागला. रात्री जेवताना ते मामींना पंखाबद्दल सांगायचे. मामी म्हणायच्या, "माझ्याबद्दल कधी इतकं बोलला नाहीत."

एके दिवशी अध्यक्षांच्या आई, आक्का, पणतूसाठी खुळखुळा घ्यायला दुकानात आल्या. आक्का बऱ्याच म्हाताऱ्या होत्या. काशिनाथने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग आत जाऊन इस्त्री घेऊन आला आणि तिची वायर भिंतीत खुपसली.

"आक्का, हलू नका हं. अगदी हलकी फिरवतो."

"काय फिरवतोस रे मेल्या?"

"गालांपासून सुरुवात करतो. ताणून बसतं."

आक्का ओरडल्या आणि मामा धावत आले. सुदैवाने वीज गेलेली होती. गावची वीज नको तेव्हा जायची. त्या दिवशी प्रथमच ती हवी तेव्हा गेली.

"अरे, माणसाला इस्त्री करतात का?" मामांनी कपाळावर हात मारला. "आणि सुरकुतीवरून काय कळतं? खरी पारख सांध्यावर असते. सांधा धरायचा आणि ओढायचा. सुटला, तर कच्चा."

"धरायचा आणि ओढायचा. बरं, मामा."

स्पर्धेच्या दिवशी शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता. मांडवाचं काम अध्यक्षांच्या धाकट्या भावाचं होतं. मामांनी काशिनाथला खुर्च्या लावायला पाठवलं. काशिनाथने आधी मांडवाकडे पाहिलं. बांबू आणि दोरी, जिथे तिथे सांधेच सांधे. त्याने पहिला धरला आणि ओढला.

मांडव मोठ्या शांतपणे खाली आला. त्यातून काशिनाथ बाहेर पडला, कपडे झटकले आणि म्हणाला, "कच्चा."

मामांनी त्याला कान धरून बाजूला नेलं. "गाढवा! दुसऱ्याच्या वस्तूला कधीही हात लावायचा नाही! लांबून बघायचं, 'उत्तम' म्हणायचं आणि गप्प बसायचं. समजलं?"

"समजलं, मामा. लांबून बघायचं, उत्तम म्हणायचं, गप्प बसायचं."

हे अध्यक्षांच्या कानावर पडलं. त्यांचे डोळे चमकले. स्पर्धेला त्यांना परीक्षक हवा होता. नियमाप्रमाणे परीक्षक निःपक्ष असावा लागे. निःपक्ष म्हणजे ज्याला विषयातलं काही कळत नाही असा. शिवाय तो उत्तम म्हणून गप्प बसणारा असला, तर मागायचं काय राहिलं? समितीने एकमताने काशिनाथची नेमणूक केली. मामांना आभाळ ठेंगणं झालं. आपलं विमान, आपलाच भाचा!

स्पर्धेत दोनच विमानं होती. मामांचं केशरी विमान पंख पसरून मेजावर उभं होतं. शेजारी प्रतापरावांचं सीलबंद खोकं होतं.

काशिनाथ लांब उभा राहिला. त्याने विमानाकडे पाहिलं. "उत्तम." खोक्याकडे पाहिलं. "उत्तम." आणि गप्प बसला.

"अरे, दोघांना पहिला नंबर देता येत नाही," अध्यक्ष म्हणाले. "एक काय ते ठरव."

काशिनाथने डोकं खाजवलं. मग त्याला मामांचा पहिला धडा आठवला. पण दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नव्हता.

"जावईबापू," तो म्हणाला, "तुम्हीच दोन्ही उचलून बघा. हलकं कुठलं?"

प्रतापरावांनी एका हातात विमान घेतलं, दुसऱ्या हातात खोकं. "आमचं!" ते अभिमानाने म्हणाले. "अहो, आमचं म्हणजे हातात काही आहे असं वाटतच नाही!"

"मग तुमचं पहिलं."

मामा ताडकन उभे राहिले. "अरे काश्या, ते खोकं उघडून..." इथे ते थांबले. आत काही नाही हे तुम्हाला कसं ठाऊक, असं कुणी विचारलं असतं तर? मामा पुन्हा खाली बसले.

टाळ्या झाल्या. प्रतापरावांच्या गळ्यात हार पडला.

"आता उडवून दाखवा," अध्यक्ष म्हणाले.

प्रतापरावांनी मोठ्या थाटात चिकटपट्टी काढली. झाकण उघडलं. आत पाहिलं. मग खोकं उलटं केलं आणि हलवलं. काही पडलं नाही.

"विमान कुठाय?" अध्यक्षांनी परीक्षकाला विचारलं.

फळीवर नसलेल्या वस्तूबद्दल काय म्हणायचं, हे काशिनाथला पाठच होतं.

"आत्ताच गेलं," तो म्हणाला. "सोमवारी येईल."

अध्यक्षांनी हळूच वर पाहिलं. त्यांनी पाहिलं म्हणून समितीने पाहिलं. समितीने पाहिलं म्हणून मास्तरांनी, आणि मास्तरांनी पाहिलं म्हणून पोरांनी. मागच्या बाजूला कुणीतरी म्हणालं, "ते काय, ठिपका दिसतोय!" मग पुष्कळांना ठिपका दिसला.

"ना मोटर, ना बॅटरी," अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "आणि गेलं! याला म्हणतात हलकं!"

सोमवार आला आणि गेला. विमान आलं नाही. पण ठराव झालेला होता. तो मागे घ्यायचा, तर संस्थेने रिकाम्या खोक्याला पहिला नंबर दिला हे इतिवृत्तात लिहावं लागलं असतं. त्यापेक्षा प्रत्येक शाळेला एकेक खोकं घेणं सोयीचं होतं. विमानं परतली, तर ठेवायला लागतीलच, असा अध्यक्षांनी खुलासा केला.

प्रतापराव धावत मामांकडे आले. "मामासाहेब, ते खोकं तुमच्याकडूनच घेतलं होतं. तसलीच हवीत. सगळी तुम्हीच पुरवा. पण अगदी तसलीच बरं का. एक जरी जड निघालं, तर सासरे मला उंबरा ओलांडू देणार नाहीत."

मामा आधी लाजले. मग त्यांनी कटलरीवाल्याचा विचार केला आणि लाजणं थांबवलं. शहरातल्या त्याच दुकानदाराकडून ते शोभेची खोकी टेंपो भरून घेऊन आले. असल्या मालाची टंचाई कधीच नसते. दुकान वाचलं.

केशरी विमान मात्र त्यांनी विकायचं नाही असं ठरवलं. त्याचे पंख सोडवले, शेपूट फडक्याने पुसली आणि सगळं त्याच्या मूळ खोक्यात नीट झोपवून खोकं कोपऱ्यात ठेवलं.

"उद्या एकदा ऑर्डर पोचती झाली," ते मामींना म्हणाले, "की मैदानावर जाऊन मी हे स्वतः उडवणार. कुणी नंबर देवो न देवो."

"पडलात तर मला सांगू नका," मामी म्हणाल्या. पण मग त्यांनी विचारलं, "मी आले तर चालेल?"

झोपायला जाताना मामांनी काशिनाथला बजावलं, "सकाळी सगळी खोकी टेंपोत चढव. प्रतापराव काय म्हणाले ऐकलंस ना? एकही जड निघता कामा नये."

"नाही निघणार, मामा."

सकाळी मामा उठले ते शीळ वाजवतच. बाहेर टेंपो भरून उभा होता. खोकी ओळीने रचलेली होती. मामांनी कोपऱ्यात पाहिलं. कोपरा रिकामा होता.

"काश्या, इथलं खोकं कुठाय?"

"टेंपोत, मामा. एकेक उचलून बघितलं. तेवढंच एक जड होतं."

"मग?"

"मग उघडून बघितलं. सुरकुती नव्हती. सांधे ओढले, एकही सुटला नाही. लांबून बघितलं, उत्तम होतं. पण जड होतं, त्याला मी काय करू? आतलं सगळं काढून टाकलं. आता सगळी एकसारखी हलकी आहेत."

"काढून टाकलं? कुठे टाकलंस?"

काशिनाथने न्हाणीघराकडे बोट दाखवलं. तिथून पांढरीशुभ्र वाफ येत होती.

"लाकूड फार गुणाचं निघालं, मामा. बंब इतका झटपट कधी पेटला नव्हता. पाणी तापलंय. आंघोळीला चला."